दल्व महिन्यातली तारीख

"हिचं काहीतरी कर गं. नक्की काय ते मला कळत नाही, पण कर," असं म्हणत काकूंनी तिला माझ्या टेबलासमोर बसवलं आणि स्वतः दाराशी स्टुलावर बसल्या. जानेवारी 2023 चा दुसरा आठवडा होता. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टातून मी नुकतीच चेंबरला आले होते, वकिलीचा बँड अजून गळ्यातच होता.

काकू माझ्या सासूबाईंच्या शाळेतल्या मैत्रीण, कर्वेनगरला राहतात. काका गेल्यावर वरच्या दोन खोल्या त्या शिकायला येणाऱ्या मुलींना देऊ लागल्या. ऑगस्ट 2019 मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर बी.ए. करायला आलेली एक अफगाण मुलगी त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हाही काकू माझ्याकडेच आल्या होत्या. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांच्या आत तसं कळवणारा सी फॉर्म भरायचा, असा तेव्हा नियम होता. पोलिसांत आपलं नाव जाणार म्हटल्यावर काकूंना रात्रभर झोप लागली नव्हती. मी तो फॉर्म भरून दिला, दहा मिनिटांचं काम होतं. त्या मुलीला तेव्हा मी पाहिलंही नव्हतं.

आता साडेतीन वर्षांनी ती समोर बसली होती. हातात प्लास्टिकचं फोल्डर, ओढणीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. हे लिहिलेलं तिला वाचून दाखवलं आहे आणि तिची परवानगी आहे.

मी इमिग्रेशनची कामं करते म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, किती दिवसांत होतं?" पुण्यात त्या पाट्या रस्तोरस्ती आहेत, पण त्या बाहेर जाणाऱ्यांसाठी. माझ्याकडे येतात ते इथे आलेले लोक. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं ओसीआय कार्ड, परदेशी जोडीदाराबरोबर विशेष विवाह कायद्याखाली करायचं लग्न आणि त्याची तीस दिवसांची नोटीस, हिंजवडीत कामाला आलेल्या इंजिनिअरची नोंदणी, पिंपरीतल्या सिंधी कुटुंबांचे नागरिकत्वाचे अर्ज. घर या कामांवर चालतं. आश्रय मागणाऱ्यांकडून मी फी घेत नाही, कारण त्यांच्याकडे ती नसते. जी असते ती प्रवासाला लागते.

या कामात मी ठरवून आले नाही. सनद मिळाल्यावर आठ वर्षं एका सिनियर सरांकडे दिवाणी कामं केली: वाटप, मनाई हुकूम, भाडेकरूंचे दावे. 2016 मध्ये सरांच्या ओळखीतून एका येमेनी विद्यार्थ्याचा जामीन करायला मिळाला. त्याच्या देशात युद्ध चालू होतं आणि घरून पैसे यायचे थांबले होते. पैसे नाहीत म्हणून फी थकली, फी थकली म्हणून कॉलेज बोनाफाइड देईना, आणि बोनाफाइडशिवाय व्हिसाची मुदत वाढत नाही. सात महिने बेकायदा राहिल्याबद्दल त्याच्यावर 1946 च्या परकीय नागरिक कायद्याच्या कलम 14 खाली गुन्हा दाखल झाला होता. मी जामीन मिळवला आणि बाहेर पायऱ्यांवर त्याचं अभिनंदन केलं. तो म्हणाला, "मॅडम, आता मी जाऊ कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. खटला चालू असेपर्यंत त्याला देश सोडता येणार नव्हता, कारण एक्झिट परमिट मिळत नाही. आणि व्हिसा नसल्यामुळे इथे कायदेशीरपणे राहताही येणार नव्हतं. घर कोण देणार? शेवटी त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि तो गेला. कागदोपत्री ती केस मी चांगली चालवली होती. पण त्या पायरीवरच्या प्रश्नाने मी पुढचं वर्षभर हा कायदा वाचत बसले.

आणि वाचल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की आपल्या कायद्यात निर्वासिताची व्याख्याच नाही. परदेशी म्हणजे जो भारताचा नागरिक नाही तो, बस. व्हिसा संपलेला पर्यटक आणि जीव घेऊन पळालेला माणूस, दोघांना एकच कलम. 1951 चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आणि 1967 चा त्याचा पूरक करार, दोन्हींवर भारताची सही नाही. परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्येच हान्स म्युलर खटल्यात सांगून ठेवलं आहे. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझंही त्या माणसावरच. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा आला, जुने चार कायदे गेले, माझ्या सगळ्या मसुद्यांतली कलमं बदलावी लागली. ते ओझं मात्र होतं तिथेच आहे.

मग वकिलाने उभं राहायचं कशावर? संविधानाच्या अनुच्छेद 21 मधल्या एका शब्दावर. तिथे 'नागरिक' म्हटलेलं नाही, 'व्यक्ती' म्हटलं आहे. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या बाबतीत 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच शब्दाचा आधार घेऊन राज्याला सांगितलं, की या माणसांच्या जिवाचं रक्षण करणं तुमचं कर्तव्य आहे. 1998 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी निर्वासितांच्या बाजूने तोच धागा पुढे नेला. पण 2021 मध्ये रोहिंग्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की बाहेर न काढलं जाण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांचा. शिकाऊ वकील मुलं विचारतात तेव्हा मी दोन्ही निकाल एकत्रच वाचायला देते. अशिलाला खोटी आशा दाखवणं हा या कामातला सगळ्यात मोठा अपराध आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर ती अफगाण मुलगी. हजारा समाजातली, शिया पंथाची. गाव गझनी प्रांतात, वडील शाळेत शिक्षक. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत अफगाणिस्तानातून आलेल्यांचा उल्लेख आहे, पण तो सहा धर्मांच्या लोकांसाठी, आणि तेही 31 डिसेंबर 2014 पूर्वी आलेल्यांसाठी. ती धर्मानेही त्यात बसत नव्हती आणि तारखेनेही.

देश सोडला तेव्हा ती निर्वासित नव्हती, रीतसर पासपोर्टवर शिकायला आलेली विद्यार्थिनी होती. मग 15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हाती पडलं. काकूंच्या सोसायटीत झेंडावंदन झालं होतं, मुलांना बुंदीचे लाडू वाटत होते आणि ही जिन्यात फोन कानाला लावून बसली होती, असं काकू सांगतात. माणूस बाहेर असताना मागे देश बदलला, तर त्या माणसालाही निर्वासित मानतात, ही तरतूद फार कमी जणांना माहीत असते. तिला माहीत नव्हती. तिने 2022 मध्ये एम.ए.ला प्रवेश घेतला तो व्हिसा टिकावा म्हणूनच. 20 डिसेंबर 2022 ला तालिबानने मुलींसाठी विद्यापीठं बंद केली. दुसऱ्या वर्षाला असलेली तिची धाकटी बहीण घरी बसली. आणि तीन आठवड्यांनी काकू हिला घेऊन माझ्याकडे आल्या.

भारतात तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः बघतं. बाकीच्यांसाठी दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितविषयक कार्यालय, यूएनएचसीआर. आधी नोंदणीचा अर्ज, मग प्रत्यक्ष नोंदणी आणि 'विचाराधीन' असल्याचा दाखला, मग सविस्तर मुलाखत, मग निर्णय. नकार आला तर तीस दिवसांत अपील. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत, यांपैकी कशामुळे तरी छळ होईल अशी साधार भीती असली पाहिजे. भीती आत असते आणि आधार बाहेर, आणि दोन्ही दाखवावी लागतात. त्यासाठी लिहायचं असतं ते निवेदन. माझं खरं काम ते.

आमच्या सहा बैठका झाल्या, दर शनिवारी दुपारी. पहिल्या बैठकीत मी काहीच लिहून घेत नाही. घर कसं होतं एवढंच विचारते. किती खोल्या, चूल कुठे, खिडकीतून काय दिसायचं. तिच्या घराला मातीची भिंत होती, बदामाची चार झाडं होती आणि थंडीत सगळे एका खोलीत संदलीभोवती झोपायचे. संदली म्हणजे खाली निखारे, वर बुटकं टेबल आणि त्यावर मोठी रजई. हे सांगताना ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

दुसऱ्या बैठकीत भाषेचा घोळ लक्षात आला. आम्ही हिंदीत बोलत होतो, तिचं हिंदी छान आहे. "मेरा भाई" असं ती म्हणत होती आणि मी एकाच माणसाची गोष्ट लिहून घेत होते. तीन पानांनंतर कळलं की भाऊ दोन आहेत: एक सख्खा, जो परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका प्रकल्पात गाडी चालवायचा, आणि एक चुलत, जो सैन्यात होता. आपल्याकडे चुलतभावाला कोणी चुलत म्हणतं का? भाऊच म्हणतो. पण अर्जात तसं गेलं असतं तर एकच भाऊ एकाच दिवशी दोन ठिकाणी दिसला असता. त्यानंतर मी फोनवर दुभाषी घेतली, बाई, आणि तिच्याच बोलीतली. पुरुष दुभाष्यासमोर मुली अर्धं गिळतात, हे मला आधीच्या दोन केसेसनी शिकवलं होतं.

मग शबनामा. शबनामा म्हणजे रात्री दारात टाकलेलं धमकीचं पत्र. भावाने ते काम सोडावं म्हणून आलेलं. वडिलांनी त्याचा फोटो काढला आणि मूळ कागद जाळला. तो फोटो फिरत फिरत व्हॉट्सअॅपवरून तिच्या फोनमध्ये आला होता. मी खूश झाले, कारण कागदी पुरावा सहसा नसतोच. पण व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोबरोबर तो कधी काढला ही माहिती येत नाही. मूळ फोटो वडिलांच्या जुन्या फोनमध्ये होता, तोही काबूलमध्ये.

मी म्हणाले, वडिलांना तो जसाच्या तसा ईमेल करायला सांग.

ती काही बोलली नाही. धागा गुंडाळत राहिली. दाराशी काकू होत्या, त्यांनी विचारलं, "तो फोन अजून ठेवलाय त्यांनी? रस्त्यात फोन तपासतात म्हणते ना ही?"

वकिलाला पुराव्याची हाव असते. ती चांगली सवय आहे, कोर्टात तिच्यावरच पोट चालतं. पण इथे एक फोटो पक्का करण्यासाठी मी एका म्हाताऱ्या शिक्षकाला तो फोन हातात घेऊन इंटरनेट शोधत काबूलच्या रस्त्यावर पाठवायला निघाले होते. मी लगेच सांगितलं, पाठवायला सांगू नकोस, उलट पुसून टाकायला सांग. आणि निवेदनात एक परिच्छेद लिहिला: मूळ पत्र का नाही, मूळ फोटो का नाही, आणि तो मागवणं वकिलाला का योग्य वाटलं नाही. त्या निर्णयावर मी आजही ठाम आहे.

राहिल्या तारखा, आणि चूक नेमकी तिथेच झाली.

तिचा जुना तझकिरा, म्हणजे तिथलं ओळखपत्र, त्यावर जन्मतारीख नव्हतीच. 'सन 1385 मध्ये वय पाच' एवढंच. यात मला नवल वाटलं नाही. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती तारीख लिहिली. माझी आजी कुठलीही गोष्ट पानशेतच्या पुराच्या आधीची की नंतरची एवढंच सांगायची. 12 जुलै 1961 हा तिच्या सगळ्या कालगणनेचा खुंटा होता. म्हणून मी अशिलाला तारीख कधीच थेट विचारत नाही. बर्फ होतं का, बदाम फुलले होते का, शाळा चालू होती का, रोजे होते का, असं विचारत जवळ जाते.

पण भावाची तारीख तिला पाठ होती. 11 दल्व 1397. प्रकल्पाची गाडी परत आली, तो आला नाही, तो दिवस. अफगाण महिने आपल्या राशींचेच आहेत. हमल म्हणजे मेष, तिथून वर्ष सुरू, आणि शेवटचा हूत म्हणजे मीन. दल्व म्हणजे कुंभ, जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. सनात 621 मिळवले की इसवी सन येतं, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. 1397 अधिक 621, 2018. मी लिहिलं: 31 जानेवारी 2018. त्याच्याखाली तिने सांगितलेलं वाक्य: भाऊ गेल्यानंतर तीन महिन्यांनी, त्याचा चाळिसावा दिवस आणि नवरोजचा सण झाल्यावर, आम्ही गाव सोडून काबूलला आलो. आणि काबूलची तारीख सौर, म्हणजे वृषभ, महिन्यातली, 1398, म्हणजे मे 2019. ती बरोबर होती. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अर्ज आणि निवेदन दिल्लीला गेलं.

21 मार्चला ती डबा घेऊन आली. त्यांचा नवरोज, नव्या वर्षाचा दिवस. डब्यात हफ्त मेवा होता: बेदाणे, जर्दाळू, बदाम, पिस्ते, अक्रोड, असा सात जिन्नसांचा सुका मेवा रात्रभर पाण्यात भिजवलेला, आणि ते पाणीही गोड झालेलं. दुसऱ्या दिवशी आमचा गुढीपाडवा होता, त्या वर्षी दोन्ही सण लागून आले होते. माझ्या कारकुनाने पुढच्या वर्षाचं पंचांग टेबलावर आणून ठेवलेलं. शके 1945. ती म्हणाली, "आमचं आजपासून 1402."

वाटी हातात तशीच राहिली. वर्ष आज बदललं. म्हणजे कालपर्यंत, जानेवारीत, फेब्रुवारीत, 1401 च चालू होतं. म्हणजे दल्व महिना जुन्या वर्षाच्या शेवटी येतो. म्हणजे तिथे 621 नाही, 622 मिळवायचे.

आणि हे मला माहीत असायला हवं होतं. कुठलाही मराठी माणूस हे शाळेत शिकलेला असतो. शिवराज्याभिषेक शके 1596, जूनमधला, त्यात 78 मिळवले की 1674. पण शिवजन्म शके 1551, फाल्गुनातला, तिथे 79 मिळवावे लागतात, तेव्हा 1630 येतं. जानेवारी ते पाडव्यापर्यंत एक जास्त. हेच गणित, दुसऱ्या देशाचं.

भाऊ गेला होता 31 जानेवारी 2019 ला. माझ्या कागदात तो एक वर्ष आधी गेला होता, आणि त्यानंतर 'तीन महिन्यांनी' हे कुटुंब पंधरा महिन्यांनी काबूलला पोचत होतं. मुलाखत घेणारा अधिकारी हे पहिल्याच वाचनात पकडणार. आश्रयाच्या प्रकरणात साक्षीदार नसतात, पंचनामा नसतो. माणूस खरं बोलतो की नाही हे त्याच्या सांगण्यातल्या मेळावरच ठरवतात. माझ्या बेरजेमुळे ती खोटी ठरली असती.

मी तिला तिथेच सगळं सांगितलं. ती माझ्यावर रागावली नाही. तिने विचारलं, "मी वाचलं होतं ना ते? मला का नाही दिसलं?" सही करण्यापूर्वी तिला ते पूर्ण वाचून दाखवलं होतं. पण इंग्रजी तारखेने तिला काहीच आठवत नव्हतं. तिच्या मनात तो दिवस 11 दल्व होता, 31 जानेवारी नव्हता. तेव्हापासून प्रत्येक निवेदनात मी दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिते, आणि वाचून दाखवताना त्यांची तारीख आधी वाचते.

पाडव्याच्या दिवशी मी चेंबर उघडलं. घरच्यांना आवडलं नाही, पण झोप लागणार नव्हती. माझ्या लेटरहेडवर पत्र लिहिलं: चूक माझी, अर्जदाराची नाही, ती कशी झाली, बरोबर तारीख कोणती, आणि सोबत बेरजेचा कागद व त्या दोन वर्षांची तुलनात्मक दिनदर्शिका. कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी समजावलं, "स्वतःची चूक कशाला लेखी देतेस? मुलाखतीत विचारलं तर ती सांगेल." मला ते पटलं नाही. विचारल्यावर दिलेलं स्पष्टीकरण आणि न विचारता दिलेलं स्पष्टीकरण यांचं वजन सारखं नसतं. आणि माझ्या चुकीचा खुलासा तिने एकटीने, बंद खोलीत, अनोळखी माणसासमोर का करायचा?

नोंदणी उन्हाळ्यात झाली, दाखला मिळाला. मुलाखत नोव्हेंबर 2023 मध्ये. झेलम एक्सप्रेसने आम्ही दोघी दिल्लीला गेलो. काकूंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. मनमाड गेल्यावर ती वरच्या बर्थवर निवेदन काढून वाचायला लागली, तेव्हा मी ते काढून घेतलं. पाठ केलेलं बोललं की माणूस खोटं वाटायला लागतो. मी म्हणाले, आठवेल ते सांग, नाही आठवलं तर नाही आठवत म्हण.

ती आत गेली आणि मी बाहेर चार तास बसले. कोर्टात मी अशिलाच्या बाजूला उभी असते, तो थकला तर तारीख मागू शकते. इथे तो आधारही नव्हता. ती बाहेर आली तेव्हा ओठ कोरडे पडले होते. पहिलं वाक्य हे: "खिडकीतून काय दिसायचं, ते त्यांनी पण विचारलं." तारखेचंही विचारलं होतं. तिने नवरोज, हफ्त मेवा आणि माझ्या टेबलावरचं पंचांग, सगळं सांगितलं.

एप्रिल 2024 मध्ये मान्यता आली आणि पुढे निर्वासित म्हणून कार्ड मिळालं. काकूंनी शेजारीपाजारी पेढे वाटले. कोणाला कारण सांगितलं नाही, "मुलगी पास झाली" म्हणाल्या.

पण ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, हे मला त्यांना हळूहळू सांगावं लागलं. यूएनएचसीआरने निर्वासित मानलं म्हणून भारतात राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. तिचा विद्यार्थी व्हिसा जुलैमध्ये संपत होता. गृह मंत्रालयाची 29 डिसेंबर 2011 ची एक कार्यपद्धती आहे, 2019 मध्ये सुधारलेली. निर्वासित असल्याचं सांगणाऱ्या परदेशी माणसाची चौकशी करून, त्याचं म्हणणं सकृद्दर्शनी खरं वाटलं तर त्याला दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येतो. तो असला की खासगी नोकरी करता येते, शिकता येतं. निर्णय दिल्लीत होतो. व्हिसा संपायच्या सहा आठवडे आधी आम्ही ऑनलाइन अर्ज भरला. तेव्हापासून तिच्याकडे त्या अर्जाची पोच आहे, आणि आम्ही वाट बघतो आहोत. एम.ए. पूर्ण झालं, पहिल्या वर्गात. नोकरी करता येत नाही. काकू भाडं घेत नाहीत.

मधे एक दार उघडल्यासारखं वाटलं होतं. कॅनडात तेव्हा पाच जणांचा गट मिळून एखाद्या निर्वासिताची वर्षभराची जबाबदारी घेऊ शकत होता, आणि त्यासाठी निर्वासित म्हणून मान्यता लागायची, जी आता तिच्याकडे होती. तिच्या मावशीने तिकडे पाच माणसं जमवली. चौघांचे कागद आले. पाचव्याची उत्पन्नाची कागदपत्रं यायची होती. 29 नोव्हेंबर 2024 ला कॅनडाने अशा गटांकडून नवे अर्ज घेणं थांबवलं. ती बातमी मीच तिला फोनवर सांगितली. वाईट बातमी वकिलानेच सांगायची, एजंटाकडून किंवा मेसेजवर कळू द्यायची नाही, हा माझा नियम आहे. पण त्या दिवशी तो पाळणं फार जड गेलं.

नव्याने या कामाकडे वळणाऱ्या मुलामुलींनी विचारलं तर मी एवढं सांगते: आधी चार-पाच वर्षं साध्या कोर्टात काढा. जामीन, पुरावा, उलटतपासणी हे अंगात मुरल्याशिवाय इकडे येऊ नका. एखादी परकी भाषा शिका. आणि ऐकून झाल्यावर घरी जाताना थोडं चाला. मी संचेती हॉस्पिटलजवळच्या पुलापर्यंत चालत जाते, मग रिक्षा करते.

परवा तिला फोन आला. दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या अर्जावर चौकशीसाठी पुढच्या गुरुवारी बोलावलं आहे, मूळ कागदपत्रं घेऊन. आम्ही काकूंच्या जेवणाच्या टेबलावर फोल्डर उघडून बसलो. पासपोर्ट, नोंदणी, सगळे सी फॉर्म, बोनाफाइड, गुणपत्रिका, कार्ड, पोच, तझकिरा, आणि माझं ते चुकीच्या तारखेचं पत्रही. ती एकेक कागद प्लास्टिकच्या खिशात घालत होती, मी यादीवर खूण करत होते.

काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. म्हणाल्या, "या वेळी मी पण येते. घर माझं आहे, मला विचारतील." मग फोल्डरकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"मला माझे कुठले कागद लागतील गं?"